जीआर थ्री की एक्स१०० सिक्स: खिशातला घ्यायचा की गळ्यातला

तुमचा प्रश्न आधी एकदा नीट मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही पुण्यात राहता, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) एक जुना डीएसएलआर आणि ५० चा एफ १.८ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त) पण तो "जड होतो म्हणून" दोन वर्षं कपाटात पडलाय, फोनच्या फोटोंचा कंटाळा आलाय. ओळखीत एक रिको जीआर थ्री सेकंडहॅण्ड मिळतोय, आणि दुसरीकडे फुजीफिल्मचा एक्स१०० सिक्स (डब्यावर रोमनमधे सहा असतं तो, २०२४ चा) नवीन घ्यायचा मोह होतोय. करायचंय काय तर पेठांमधे फिरून रस्त्यावरचे फोटो, वारी, पावसाळी ट्रेक, आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे तिचे फोटो. दोन्हीतला कुठला?

मी दोन्ही वापरतो. जीआर थ्री पाचेक वर्षं झाली, आणि एक्स१०० चा आधी पाचवा होता, आता सहावा आहे. लग्नं आणि मासिकांची कामं हा धंदा, त्याला वेगळे मोठे कॅमेरे आहेत, हे दोन माझे स्वतःचे, म्हणजे ज्याचे पैसे कोणी देत नाही त्या फोटोंसाठीचे.

आधी क्वालिटीचं काढून टाकू, कारण सगळे तिथेच अडकतात. दोन्हीत एपीएस-सी आकाराचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) आहे, म्हणजे तुमच्या त्या कपाटातल्या डीएसएलआरमधे आहे तेवढाच, आणि चांगल्या फोनच्या मेन कॅमेऱ्याच्या चार-पाच पट क्षेत्रफळाचा. जीआरमधे २४ मेगापिक्सेल, फुजीत ४०. आता ए-थ्री साइजची एकदम कडक प्रिंट काढायला साधारण साडेसतरा लागतात, तर घरात भिंतीवर लावायला दोन्ही पुरून उरतात. दोन्हीचे लेन्स उत्तम आहेत. यूट्यूबवर चारशे टक्के झूम करून पानं मोजणारे लोक आहेत त्यांना मोजू दे.

खरा फरक जाडीचा आहे. जीआर बॅटरी-कार्ड धरून २५७ ग्रॅम, जाडी ३३ मिलिमीटर, लेन्स आत जातो आणि कॅमेरा जीन्सच्या पुढच्या खिशात जातो, अगदी खरोखर जातो, जाहिरातीत जातो तसा नाही. फुजी ५२१ ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि लेन्स आत जात नाही त्यामुळे जाडी साडेपाच सेंटिमीटर. तो जॅकेटच्या खिशात जाईल पण पुण्यात जॅकेट घालतो कधी आपण, डिसेंबरचे तीन आठवडे. म्हणजे तो गळ्यात किंवा खांद्यावर, नाहीतर पिशवीत. एकदा पिशवी आली की "आज न्यायचा का" हा विचार येतो, आणि तुमच्या डीएसएलआरचं नेमकं तिथेच अडलं असणार. दूध आणायला जाताना जीआर बरोबर असतो कारण पाकीट असतं तसाच तो असतो. माझे गेल्या दोन-तीन वर्षांतले मला स्वतःला आवडलेले फोटो काढून बघितले तर निम्म्याहून जास्त अशाच कुठल्यातरी फालतू कामाला बाहेर पडल्यावर मिळालेत, ठरवून गेल्यावर नाही.

दुसरी गोष्ट फोकल लेंथची, म्हणजे लेन्स किती रुंद बघतो त्याची, आकडा लहान तितकं जास्त आत येतं. जीआर २८ चा, फुजी ३५ चा (फुलफ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबात सांगतोय), आणि दोन्हीत लेन्स बदलता येत नाही, झूम नाही. लोकं म्हणतात सातच मिलिमीटरचा फरक आहे, त्यात काय. टेप घेऊन बघा. माणसापासून दोन मीटरवर उभे राहिलात तर २८ मधे आडव्या फ्रेमची रुंदी अडीच मीटरच्या जरा वर येते, ३५ मधे दोन मीटर. म्हणजे २८ मधे शेजारचा हातगाडीवाला, मागची पाटी, आणि कडेने जाणाऱ्या रिक्षाचं अर्धं हूड हे सगळं आपोआप आत येतं, नको असलं तरी येतं. उलट बाजूने, कोणाचा डोक्यापासून मांडीपर्यंत असा एक मीटर उंचीचा भाग आडव्या फ्रेममधे भरून हवा असेल तर ३५ ने दीड मीटरवर थांबता येतं, २८ ने सव्वा मीटरच्याही आत शिरावं लागतं. एक फुटाचाच फरक, पण त्या एका फुटात अनोळखी माणूस तुमच्याकडे बघायला लागतो. लाजाळू माणसाला २८ आधी फार छळतो, रिकामे-रिकामे फोटो येतात, मधे एक छोटा माणूस आणि चहूकडे डांबर.

हे विकत घ्यायच्या आधी फुकटात तपासता येतं. फोनचा मेन कॅमेरा बहुतेक वेळा २४ च्या आसपास असतो, तर एक आठवडा फोन १.२ एक्सवर ठेवून फक्त त्यावर फोटो काढा (तो झाला २८), पुढचा आठवडा १.५ एक्सवर (तो ३५). मधे बोटं लावून झूम करायची नाही, पायांनी पुढे-मागे व्हायचं. पंधरा दिवसांनी तुम्हालाच कळेल डोळा कुठला आहे. मी स्वतः ३५ चा माणूस आहे असं पंधरा वर्षं समजत होतो आणि निघालो २८ चा.

आता रस्त्यावरच्या फोटोंचं. जीआरमधे स्नॅप फोकस म्हणून एक प्रकार आहे, आणि माझ्यामते कॅमेरा घ्यायचं ते मुख्य कारण आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, एक मीटर, दीड, दोन, अडीच असे टप्पे असतात, आणि बटण अर्धं न दाबता सरळ खाली दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, त्या अंतरावर जाऊन फोटो काढून मोकळा. लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिलिमीटरचा आहे (फुलफ्रेमच्या हिशोबात २८ तो हाच), त्यात एफ ८ ठेवून दोन मीटर लावलं की एक मीटरपासून पार मागपर्यंत सगळं वाचण्याइतकं शार्प येतं. मंडईत सकाळी सातला भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुड्या पाण्याने शिंपडत असतात ना, तिथे उभं राहून कॅमेरा पोटाशी धरायचा, अंगठ्याने ऑन करायचा, पाऊण-एक सेकंदात उठतो, पाणी हवेत असताना दाबायचं. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, हे महत्त्वाचं, कारण पिशवीवाल्या माणसाकडे कोणी फोटोग्राफर म्हणून बघत नाही. मावशीला नंतर फोटो दाखवायचा, मेथी घ्यायची.

फुजीतही हे करता येतं, मॅन्युअल फोकस करून ठेवायचा, पण त्याच्या २३ मिलिमीटरला (फुलफ्रेमच्या हिशोबात ३५ तो हाच) एफ ८ वर तीन मीटरच्या जरा पुढे लावलं तर दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं शार्प येतं, जवळचं सुटतं. म्हणजे जिथे जीआर बेफिकीर आहे तिथे फुजीत थोडा हिशोब ठेवावा लागतो.

पण फुजीकडे व्ह्यूफाइंडर आहे आणि जीआरकडे नाही, आणि एप्रिलच्या उन्हात हा फरक साधा राहत नाही. जीआरचा स्क्रीन मागे चिकटलेला, हलत नाही, दुपारी बाराला लक्ष्मी रोडवर त्यात स्वतःचा चेहरा दिसतो आणि बाकी अंदाज. ब्राइटनेस वाढवायची सोय आहे, ती एखाद्या बटणाला लावून घ्या, तरी उन्हात अंदाजच. फुजीत डोळा लावायचा आणि पुढची छोटी दांडी ओढली की खरी काच, नाहीतर इलेक्ट्रॉनिक. काचेतून बघताना फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं, डावीकडून सायकलवाला येतोय हे तो फ्रेममधे शिरायच्या आधी कळतं, त्याची मजा एकदा लागली की लागली. चष्मेवाल्यांना कोपरे बघायला जरा डोकं हलवावं लागतं एवढंच. आणि हो, एक गाढवपणा सांगतो, काचेतून बघताना लेन्सचं झाकण लावलेलं असलं तरी जग छान दिसत राहतं. मी एका विसर्जनाला फोकस मॅन्युअलवर ठेवून ढोलपथकाचे सहा-सात फोटो झाकणासकट काढलेत, समोरचा ताशेवाला हसून हसून टिपरी चुकला तेव्हा लक्षात आलं.

मुलीच्या फोटोंसाठी मात्र फुजी सरळ पुढे आहे. जीआरचा लेन्स एफ २.८, फुजीचा एफ २, म्हणजे बरोबर दुप्पट उजेड. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या खोलीत पळणाऱ्या पोरासाठी २५० चा शटर (सेकंदाचा अडीचशेवा भाग) लागतो, तिथे फुजी ३२०० आयएसओत (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) भागवतो, जीआर ६४०० वर जातो. शिवाय जीआरचा ऑटोफोकस कमी उजेडात पुढे-मागे शोधत बसतो, आणि दोन वर्षांचं पोर काही तेवढं थांबत नाही. फुजी चेहरा-डोळे बऱ्यापैकी धरून ठेवतो. मागचं धूसर करण्यातही फरक आहे, फुजीत पूर्ण उघडलेल्या छिद्राचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, जीआरमधे साडेसहा, म्हणजे मागे वाळत घातलेले कपडे जीआरमधे कपडेच दिसतात, फुजीत नुसते रंग. फ्लॅशही फुजीत आतच आहे, जीआर थ्रीमधून काढून टाकला, वर बाहेरचा फ्लॅश लावायचा नुसता शू आहे. स्टॅबिलायझेशन दोन्हीत आहे, जीआरचं चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं) आणि फुजीचं सहाचं असं कंपन्या सांगतात, पण ते आपला हात हलतो त्याच्यासाठी, पोर हलतं त्याला काही उपयोग नाही, हे लोक नेहमी विसरतात. आणि फुजीत घरातल्या एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका, फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर दोन्हीचा लेन्समधेच आहे आणि इतका हळू वाजतो की झोपलेलं पोर उठत नाही.

वारी. इथे जरा जपून. जीआरला धूळ-पाण्यापासून कसलंच सीलिंग नाही आणि लेन्स दर वेळी आतबाहेर होतो, त्याबरोबर हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळ. सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय थ्रीमधे आहे, पण ओली चिकट धूळ त्याने जात नाही, आणि लेन्स फिक्स असल्यामुळे आपल्याला घरी ब्लोअर मारता येत नाही, पूर्ण उघडावा लागतो. माझा एक जुना कॉम्पॅक्ट होता, असाच आतबाहेर लेन्सचा (कुठला ते राहू दे), तो मी वाखरीच्या रिंगणात घेऊन उभा होतो. अश्व पळतात तेव्हा जी माती उडते आणि मग लोक ती कपाळाला लावायला धावतात ना, त्या लोटातून कॅमेरा चालू-बंद चालू-बंद करत होतो. घरी येऊन बघतो तर आभाळात तीन काळे ठिपके, आणि दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून कॅमेरा परत खिशात घातला. तेव्हापासून रिंगणात, गुलालात, शिमग्यात जीआर नाही. दिवे घाटात चढताना चालतो, तिथे ओल असते, धूळ बसलेली असते, फक्त पाऊस आला की झिपलॉकच्या पिशवीत घालून रेनकोटच्या आतल्या खिशात.

फुजीला पावसाचं संरक्षण आहे पण अर्धवट, पुढे एक अडॅप्टर रिंग आणि त्यावर ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावला तरच ते पूर्ण होतं, ते वेगळे घ्यावे लागतात. लावले की आषाढातल्या सरी खातो. धबधब्याखाली धरायचा नाही अर्थात.

धबधब्यावरून ट्रेकचं आठवलं. दोन्हीत एनडी फिल्टर आतच आहे, म्हणजे काळा चष्मा घातल्यासारखं, जीआरमधे दोन स्टॉपचा आणि फुजीमधे चारचा. ढगाळ दिवशी एफ ८ ला साठाव्या भागाचा शटर येत असेल तर जीआर तो पंधराव्या भागापर्यंत नेतो, फुजी पाव सेकंदापर्यंत. पाव सेकंदात पाणी रेशमासारखं होतं, पंधराव्यात नुसतं जरा मऊ. आणि फुजीच्या सहा स्टॉपच्या स्टॅबिलायझेशनमुळे पाव सेकंद हातात धरून जमतो, दगडाला टेकून उभं राहायचं आणि श्वास सोडून दाबायचं, चारातले दोन शार्प येतात. ट्रायपॉड घेऊन हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांना हे काय सुख आहे ते कळेल. उलट कासला गेलात तर जीआरचा मॅक्रो मोड सहा सेंटिमीटरपर्यंत जातो, फुजी दहापर्यंत, आणि सीतेची आसवं नखाएवढी असतात तेव्हा त्या चार सेंटिमीटरला किंमत आहे. फक्त फुलं तुडवत पठारावर आडवे पडू नका, वाटेच्या कडेला भरपूर असतात. कोकणकड्यावर २८ चा फायदा सांगायलाच नको, ती अर्धगोल कडा ३५ मधे मावत नाही.

रंगांवर फार बोलत नाही. फुजीत क्लासिक क्रोम, क्लासिक निगेटिव्ह, रिआला एस अशी वीस फिल्म सिम्युलेशन (जुन्या फिल्मसारखे रंग देणारी सेटिंग) आहेत, आणि बरेच लोक फक्त त्यासाठी हा कॅमेरा घेतात, त्यात काही वाईट नाही, एडिटिंगचा आळस असेल तर कॅमेऱ्यातूनच तयार निघणारे जेपेग काढून मोकळं व्हायचं. जीआरचा पॉझिटिव्ह फिल्म हा रंगांचा प्रकार मला उन्हाळ्यातल्या भिंतींवर जास्त आवडतो, आणि त्याचं हाय कॉन्ट्रास्ट काळं-पांढरं तर भन्नाट. दाइदो मोरियामा हा जपानी फोटोग्राफर जीआर वापरतो हे सगळे सांगतात, पण म्हणून आपले फोटो तसे येत नाहीत, मी प्रयत्न करून बघितलाय.

क्रॉपची सवय असेल तर फुजीचे ४० मेगापिक्सेल कामाला येतात. ५० च्या फ्रेमला कापलं तरी वीसच्या आसपास उरतात, जीआरमधे ५० ला कापलं की साडेसात. मात्र त्या ४० ची किंमत लॅपटॉप मोजतो, जुना असेल तर रॉ (एडिटिंगसाठीची कच्ची, मोठी) फाइल उघडताना पंख्याचा आवाज ऐकत बसावं लागतं. व्हिडिओ करायचा असेल तर जीआर विसरा, फुल एचडी आहे पण नावालाच.

बॅटरी. जीआरची कंपनीच दोनशे फोटो सांगते, आणि तेवढेच निघतात, सकाळी आळंदीला निघालात तर जेवायच्या आत संपते. तीन ठेवा, काडेपेटीएवढ्या असतात. फुजीची दीड-दोन पट चालते. दोन्ही पॉवर बँकवर यूएसबी-सीने चार्ज होतात. आणि पावसाळ्यात कुठलाही कॅमेरा असो, कपाटात लेदरच्या केसमधे ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल. मुंबई-कोकणात तर नक्कीच. लेन्स काढता येत नसलेल्या कॅमेऱ्यात आतून बुरशी आली की काच आणि सेन्सर दोन्हीचं एकदमच होतं.

मग तुम्ही काय घ्यायचं. वरचं वाचून वाटेल की मी फुजी म्हणणार, पोर घरात, पाऊस बाहेर, सगळं तिकडेच झुकतंय. पण तुमच्या प्रश्नातच एक वाक्य आहे, "जड होतो म्हणून नेत नाही." जड म्हणून न नेणारा माणूस अर्धा किलोचा कॅमेरा पहिले चार महिने नेतो, मग तोही कपाटात जातो, डीएसएलआरच्या शेजारी. आणि मुलीचे फोटो घरात काढायचेत, घरात कुठे काय न्यायचं असतं? तो जुना डीएसएलआर ५० लावून हॉलमधे टीव्हीशेजारी ठेवा, उघडा, बॅटरी भरलेली. एफ १.८ आहे म्हणजे उजेड एक्स१०० पेक्षाही थोडा जास्तच घेतो, क्रॉपवर ५० म्हणजे ७५ होतो म्हणून छोट्या खोलीत जरा मागे भिंतीला टेकावं लागेल, पण तिच्या चेहऱ्याचे, रंगवलेल्या हातांचे फोटो असे येतील की दोन्हीपैकी कुठल्याच कॉम्पॅक्टने येणार नाहीत. बाहेरसाठी जीआर. धो धो पावसात फोन आहेच की.

फक्त १.२ एक्सच्या आठवड्यात तुमची फारच चिडचिड झाली, प्रत्येक फोटो कापावासा वाटला, तर जीआर थ्री घेऊ नका, त्याचाच भाऊ थ्री-एक्स बघा, २०२१ चा, तो ४० चा आहे, बाकी अंग तेच. २०२५ मधे जीआर फोर पण आलाय, स्टॅबिलायझेशन पाच अक्षांचं आहे, पण सेकंडहॅण्ड थ्री चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर फोरसाठी थांबायची गरज मला तरी वाटत नाही.

आता तो सेकंडहॅण्ड बघायला जाल तेव्हा दिवसा जा. कॅमेरा एव्ही मोडला (छिद्र आपण ठरवायचं, शटर तो ठरवतो), एफ १६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम जवळ ठेवून पांढऱ्या भिंतीचा नाहीतर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, हात हलला तरी चालेल, उलट हलवाच. मग स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपासून सगळीकडे फिरा. करडा गोल ठिपका दिसला आणि दुसऱ्या फोटोत त्याच जागी परत दिसला तर ती सेन्सरवरची धूळ. मेनूतून डस्ट रिमूव्हल चालवून परत काढा, गेला तर ठीक, नाही गेला तर साफसफाईचे पैसे किमतीतून कमी करून मागा. लेन्स दहा-बारा वेळा आतबाहेर करून आवाज ऐका, किर्र झालं किंवा मधे अडला तर नमस्कार करून निघा. मागचं डायल दोन्ही दिशांना एकेक खाच फिरवा, आकडा उडी मारून दोन पुढे जातोय का बघा. लेन्सभोवतीची पातळ रिंग जागेवर आहे ना ते बघा, ती निघते आणि हरवते. आणि जास्तीच्या बॅटऱ्या त्याच किमतीत मागून घ्या, जीआर विकणाऱ्याकडे दोन-तीन असतातच, आणि त्याला आता त्यांचा काही उपयोग नाही.